आजाराची फाईल कोणत्या खात्यात?

शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये आजार जास्त का असतात, हा प्रश्न कामाच्या निमित्ताने मी कितीतरी अधिकाऱ्यांना विचारला आहे. माझं क्षेत्र सार्वजनिक आरोग्याचं. मुंबईत आणि आसपासच्या शहरांत वस्तीनिहाय आरोग्याची माहिती जमवायची, तिचे तक्ते आणि नकाशे करायचे, ते आरोग्य अधिकारी, अभियंते, साहाय्यक आयुक्त, नगरसेवक यांच्यासमोर मांडायचे आणि त्यातून एखादा निर्णय निघतो का याचा पाठपुरावा करायचा, असं या कामाचं स्वरूप. मोठ्या खुर्चीतल्या माणसांना वस्तीतलं काही ठाऊक नसतं, असा एक सर्वसाधारण समज आहे. मला तसं आढळलं नाही. डेंग्यूचे रुग्ण कुठल्या नाल्याकाठी निघतात, कावीळ पहिल्यांदा कुठल्या गल्लीत दिसते, हे वॉर्डातला जुना अभियंता नकाशा न उघडता सांगतो. विषमता आहे हे सगळ्यांना मान्य असतं. ती का आहे, याचं उत्तर मात्र माणूस कुठल्या खात्यात बसतो त्यावर ठरतं, आणि पुढची कृतीही त्या उत्तरावरच ठरते.

ही उत्तरं ढोबळमानाने तीन. 'लोकांमध्ये जागरूकता नाही', हे पहिलं. 'बाहेरून लोंढे येतात, किती पुरे पडणार', हे दुसरं. 'वस्तीच अनधिकृत आहे', हे तिसरं. तिन्हींत थोडंफार तथ्य असतं, म्हणून ती इतकी वर्षं टिकून आहेत. पण पहिल्यातून पत्रकं आणि पथनाट्यं निघतात, दुसऱ्यातून हतबलता आणि तिसऱ्यातून सरळ नकार. आजार जिथे तयार होतो तिथवर यांतलं एकही उत्तर पोचत नाही.

२०२२च्या ऑक्टोबरात गोवंडीच्या रफी नगर भागात गोवराने लहान मुलं दगावली. पुढच्या काही आठवड्यांत साथ शहराच्या इतर भागांत आणि राज्यातही पसरली. गोवराची लस आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात १९८५पासून आहे. तरीही एवढ्या वर्षांनी देशाच्या आर्थिक राजधानीत मुलं गोवराने जातात, याचा धक्का सगळ्यांनाच बसला. कोविडच्या काळात चुकलेले डोस, कुपोषण आणि एका खोलीत सात-आठ माणसं हे तिन्ही तिथे एकत्र आलं होतं. कुपोषित मुलाला गोवर झाला की पाठोपाठ न्यूमोनिया येतो आणि जीव त्यात जातो. तेव्हा घरोघर पाहणी झाली, जीवनसत्त्व 'अ'चे डोस दिले गेले, धर्मगुरूंना आणि वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना बरोबर घेतलं गेलं, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा मात्रा देण्यात आली. यंत्रणेने मनावर घेतलं की ती किती वेगाने हलू शकते, हे तेव्हा दिसलं.

त्याच सुमारास दुसऱ्या एका शहरातल्या वस्तीत लसीकरण कमी का, हे शोधायचं काम आमच्याकडे आलं होतं. कागदावर कारण होतं 'नकार'. आरोग्यसेविकेबरोबर यादीतल्या घरांमध्ये फिरले तेव्हा ठामपणे नाही म्हणणारी घरं अगदी थोडी निघाली. बाकीच्या घरांत कारणं वेगळी होती. लस दिल्यावर मुलाला ताप येतो, रात्रभर ते रडतं आणि दुसऱ्या दिवशी जरीकामाचे पैसे बुडतात. कुणी गावी गेलेलं असतं, कुणाचं कार्ड पावसात भिजलेलं असतं. एका घरी बाई दारातच म्हणाल्या, ''ताई, तुम्ही दहाला बोलावता. दहाला नळ येतो. पाणी सोडून कशी येऊ?'' आरोग्यसेविका मला म्हणाली, ''मॅडम, हे मी कधीपासून सांगतेय. सत्र दुपारी तीनला लावा, बायका येतील.'' सत्र तीनला लावलं, त्या आल्या. त्या मातांना जागरूकतेची गरज नव्हती, त्यांच्या दिवसाशी जुळणारी वेळ हवी होती. ही माहिती त्या व्यवस्थेतल्या सगळ्यात कमी मानधनाच्या बाईकडे होती आणि ती वर पोचेल अशी एकही वाट नव्हती.

नकाराच्या रकान्यात जे जे कोंबलेलं असतं ते सुटं करून पाहायला मी तेव्हापासून शिकले. त्यातूनच पाण्याकडे माझं लक्ष गेलं.

मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येतं. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांच्या आसपास होती. नुसता भागाकार केला तर माणशी तीनशे लिटरांच्या पुढे आकडा जातो. गळती आणि कारखान्यांचं पाणी वजा केलं तरी तो अनेक शहरांना हेवा वाटावा असाच राहतो. पण वाटपाचा निकषच दोन प्रकारचा: इमारतीत राहणाऱ्या माणसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर. शिवाय १ जानेवारी १९९५नंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना जोडणी द्यायचीच नाही, असं शासनाचं परिपत्रक १९९६ सालापासून होतं. या वस्त्यांमधली माणसं पाण्यावाचून राहत नव्हती. ती टँकरचं, शेजारच्या वस्तीतून पाईप टाकून आणलेलं, कॅनने विकत घेतलेलं पाणी वापरत होती आणि त्यासाठी इमारतीतल्या माणसापेक्षा लिटरमागे कितीतरी पट जास्त पैसे मोजत होती.

या परिस्थितीत आजार कसा तयार होतो, हे मला पाणी खात्याच्या एका अभियंत्याने समजावलं. पाणी दिवसातून काही तासच सुटतं. बाकीचे तास वाहिनी रिकामी असते, तिच्यात दाब नसतो. वस्तीतल्या बारीक नळ्या गटारातून गेलेल्या असतात, कारण गल्लीत दुसरी जागाच नसते. दाब नसताना नळीच्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. मग चावीवाला येऊन झडप उघडतो आणि पहिली काही मिनिटं हेच गढूळ पाणी घराघरांत जातं. ज्याचा क्रमांक पहिला, त्याच्या हंड्यात ते भरलं जातं. पुढे मूल जुलाबाने आजारी पडलं की दवाखान्यात आईला सांगितलं जातं, पाणी उकळून प्या. गॅस महाग आणि पाणी मोजकं असताना हा सल्ला पाळणं किती कठीण, हे सल्ला देणाऱ्या डॉक्टरलाही कळत असतं. पण त्याच्या हातात तेवढंच असतं. नळी बदलण्याची फाईल त्याच्या खात्यात नसते.

एका बैठकीत आम्ही जुलाब-काविळीच्या रुग्णांचा नकाशा मांडला. समोर बसलेल्या पाणी खात्याच्या उपअभियंत्यांनी आपल्या वाहिन्यांचा नकाशा मागवला आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले. रुग्णांचे ठिपके एका जुन्या वाहिनीच्या कडेने ओळीत आले होते. त्या नळ्या गटारातून उचलून भिंतीच्या उंचीवर घेण्याचं काम त्याच आर्थिक वर्षात झालं. आरोग्य खात्याने त्या विषयावर वर्षानुवर्षं पत्रं पाठवलेली होती. पत्रांना उत्तरंही आलेली होती. दोन नकाशे एका टेबलावर कधी आले नव्हते, एवढंच.

'वस्तीच अनधिकृत आहे' या उत्तराला न्यायालयाने छेद दिला. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी निकाल दिला. न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने पिण्याच्या पाण्याचा हक्क हा संविधानाच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असं सांगितलं. २०१६मध्ये महापालिकेचं धोरण आलं, पण केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या, पदपथावरच्या अशा बऱ्याच वस्त्या त्यातून वगळल्या गेल्या. मे २०२२मध्ये 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आलं आणि दार आणखी थोडं उघडलं. घराची वैधता आणि पाण्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं कागदावर यायला एक अख्खी पिढी गेली. त्या पिढीतल्या मुलांची खुंटलेली वाढ कुठल्याही धोरणाने भरून येत नाही.

घराच्या बाबतीत तर मला अधिकच खंत वाटते, कारण घरातूनही आजार तयार होतो, हा धडा हे शहर फार पूर्वी शिकलं होतं. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. त्या साथीनंतर १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. अंधाऱ्या, कोंदट, दाटीच्या घरांमधून रोग पसरतो असं मानून रस्ते रुंद करण्याचं, समुद्राचा वारा आत आणण्याचं काम ट्रस्टने हाती घेतलं. दादर, माटुंगा, वडाळा इथल्या आखीव वसाहती त्यातूनच आल्या. अर्थात ज्यांची घरं पाडली त्यांतले बरेचसे या नव्या वसाहतींत गेले नाहीत. ते शेजारच्या गल्ल्यांमध्ये आणखी दाटीने राहू लागले. घर आणि रोग यांचं नातं तेव्हाच्या धोरणकर्त्यांना कळलं होतं. त्याचा लाभ कुणाला होणार हे त्यांनी पाहिलं नाही.

शंभर वर्षांनी प्रकल्पग्रस्तांसाठी मानखुर्द-गोवंडीत वसाहती उभ्या राहिल्या. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथे सात-आठ मजली इमारती जेमतेम तीन मीटर अंतरावर आहेत, घर २२५ चौरस फुटांचं. २०१८मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांसह या दोन वसाहतींची आणि जवळच्याच पीएमजीपी कॉलनीची पाहणी केली. पीएमजीपीतल्या इमारती एकमेकींपासून दूर आहेत, मधे मोकळी जागा आहे. पहिल्या दोन वसाहतींत क्षयरोगाचं प्रमाण पीएमजीपीच्या कित्येक पट निघालं. माणसं साधारण त्याच आर्थिक थरातली, वॉर्ड तोच, दवाखाना तोच. फरक ऊन आणि हवा यांचा.

अशा इमारतीच्या तळमजल्यावर भर दुपारी गेलं तर ट्यूबलाईट लावलेली असते. ती सकाळपासून लागलेलीच असते. खिडकी आहे, पण ती समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते आणि मधल्या फटीत वरच्या मजल्यांवरून टाकलेला कचरा साचलेला असतो. घाण वास, उंदीर, डास यांच्यामुळे खिडकी बंद. कपडे आतच वाळत घातलेले, भिंतीला ओल. क्षयाचा जंतू उन्हात फार काळ टिकत नाही आणि खेळत्या हवेत विरून जातो. या खोलीत त्याला दोन्हींचा धोका नाही. खोकणाऱ्या माणसाबरोबर त्याच चार भिंतींत त्याची दोन मुलं अभ्यास करतात आणि तिथेच झोपतात. रुग्णाला औषध मोफत मिळतं, निक्षय पोषण योजनेतून पूर्वी महिन्याला पाचशे रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४पासून हजार मिळतात. ही सगळी मदत हवीच. पण या खोलीचा नकाशा मंजूर करताना क्षयरोग अधिकाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारावं असा नियमही नव्हता. इमारत प्रस्ताव खात्याने चटई क्षेत्र तपासलं, अग्निशमन दलाने ना-हरकत दिली. माणसाच्या फुप्फुसाच्या बाजूने त्या फाईलवर कुणाचीच सही नाही.

आता आकड्यांविषयी. धोरण ठरवणारी माणसं आकड्यांवर विश्वास ठेवतात, आणि तो ठेवायलाच हवा. पण कुठला आकडा, हे महत्त्वाचं. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालाने शहराचे वॉर्डनिहाय आकडे शेजारी-शेजारी मांडले आणि गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व वॉर्ड तळाशी असल्याचं दाखवलं. तिथे मृत्यूचं सरासरी वय ३९च्या आसपास होतं. हा आकडा पुढे अनेक भाषणांत 'गोवंडीच्या माणसाचं आयुर्मान ३९ वर्षं' असा फिरला. ते बरोबर नाही. जिथे लोकसंख्या तरुण असते, मुलं जास्त असतात आणि म्हातारी माणसं गावी परत जातात, तिथे मृत्यूचं सरासरी वय आपोआप खाली दिसतं. ही बाब मी बैठकांमध्ये दरवेळी स्पष्ट करते, कारण एखाद्याने तो आकडा खोडून काढला की त्याबरोबर सगळा प्रश्नच खोडला जातो. खरी हकिकत सांगायला बालमृत्यू, कुपोषण, क्षयरोग आणि प्रसूतीची नोंद पुरेशी बोलकी आहे. तिला अतिशयोक्तीची गरज नाही.

शहराची सरासरी काय झाकते, हे कोविडने ढळढळीत दाखवलं. जुलै २०२०मध्ये दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या भागांतल्या तीन वॉर्डांत रक्तातल्या प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता, बाहेरच्या भागांत १६ टक्के. त्याच वॉर्डांत, एकाच आयुक्ताच्या हाताखाली, रस्त्याच्या दोन बाजूंना हे दोन आकडे होते. सामाईक शौचालयं आणि दाटी ही त्याची सरळ कारणं. घरात थांबा, अंतर ठेवा, वारंवार हात धुवा, या तिन्ही सूचना ज्याच्या घरात वेगळी खोली, संडास आणि वाहतं पाणी आहे त्याच्यासाठी लिहिलेल्या होत्या. त्याच काळात धारावीत यंत्रणेने निराळी वाट धरली. घरी अलगीकरण अशक्य आहे हे मान्य करून शाळा आणि सभागृहांत सोय केली, जेवण दिलं, शौचालयं दिवसातून अनेकदा धुतली, वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी जुलै २०२०मध्ये धारावीचा उल्लेख केला. त्या यशाचं मर्म मला असं दिसतं: लोकांनी कसं वागायला हवं यापासून सुरुवात न करता लोक कसे राहतात यापासून सुरुवात झाली.

असाच आणखी एक निर्णय २०२२च्या अखेरीस झाला. 'आपला दवाखाना' मुंबईत सुरू झाला तो सकाळी सात ते दुपारी दोन आणि दुपारी तीन ते रात्री दहा या वेळेत. दवाखाने पूर्वीही होते, पण कामगार कामावर असताना ते उघडे आणि कामगार घरी आला की बंद. बिगारी काम करणाऱ्याला मधुमेहाची गोळी घ्यायला अर्ध्या दिवसाची मजुरी सोडावी लागत असेल तर तो गोळी सोडतो, आणि काही वर्षांनी डायलिसिसच्या रांगेत येतो. वेळ बदलण्याने हे थांबू शकतं. या दवाखान्यांत डॉक्टर आणि औषधं कायम राहतील का, यावर सगळं अवलंबून आहे. पण प्रश्न योग्य ठिकाणी धरला गेला, हे नोंदवायला हवं.

शहरी गरिबांच्या आरोग्याची स्वतंत्र दखल देशानेही उशिराच घेतली. ग्रामीण आरोग्य अभियान २००५चं, शहरी २०१३चं. शहरात मोठी रुग्णालयं आहेत, मग गरिबाला काय अडचण, अशी समजूत होती. केईएम, नायर, सायन ही रुग्णालयं या शहराचं खरोखरच वैभव आहेत. तिथे उपचार घेऊन जगलेली माणसं प्रत्येक वस्तीत भेटतात. पण तीच माणसं बरी होऊन त्याच खोलीत, त्याच नळाकडे परत जातात, आणि काही महिन्यांनी पुन्हा केसपेपर काढायला उभी राहतात. रुग्णालयाचा खर्च वाढत राहतो, तो का वाढतो याची नोंद इमारत आणि पाणी खात्याच्या अंदाजपत्रकात कुठेच नसते.

एवढी वर्षं हे काम केल्यावर माझ्या मागण्या फार थोड्या आणि साध्या उरल्या आहेत. आरोग्याची प्रत्येक आकडेवारी वॉर्डाच्याही खाली, वस्तीपर्यंत फोडून दरवर्षी लोकांसमोर ठेवा. दर महिन्याला वॉर्डात एक बैठक अशी घ्या, जिथे आरोग्य, पाणी, मलनिस्सारण आणि घनकचरा या खात्यांचे नकाशे एकाच टेबलावर येतील, आणि त्या टेबलाशी आरोग्यसेविकेला खुर्ची द्या. पुनर्वसनाच्या इमारतीचा नकाशा मंजूर होण्याआधी तळमजल्यावर ऊन किती तास येतं आणि हवा कशी खेळते, याचा दाखला आरोग्य खात्याकडून घेणं सक्तीचं करा. यासाठी नवा शोध लावावा लागणार नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा, झोपडपट्टी सुधारणा आणि नगर नियोजन हे सगळे विषय एकाच यादीत, एकाच स्थानिक संस्थेच्या नावाने लिहिलेले आहेत.

मुंबईत आज पुनर्वसनाचे मोठमोठे आराखडे टेबलांवर आहेत. त्यांतल्या घरांत जन्मणारी मुलं किती निरोगी राहतील, याचा बराचसा निकाल त्या आराखड्यांवर सह्या होतील त्या दिवशीच लागणार आहे. भिंती उभ्या राहिल्यावर तीन मीटरची फट रुंद करता येत नाही. म्हणून आरोग्य अधिकाऱ्याला बोलवायचं असेल तर ते आत्ता, नकाशा कागदावर असताना बोलवा.